हमालाच्या पाठीची सरासरी काढू नका

प्रति,
मा. सभापती व संचालक मंडळ,
विदर्भातील सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्या

विषय : यार्डातील हमाल, मापारी आणि चाळणीवाल्या महिलांना कामातून होणाऱ्या इजेचा धोका कसा तपासावा, याबाबत.

सन्माननीय सभापती आणि संचालक मंडळी,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे कंबर, मान आणि खांद्याची दुखणी घेऊन येणाऱ्यांत बाजार समितीच्या यार्डात राबणारी माणसं पुष्कळ असतात. त्यांच्या दुखण्यावर इलाज करणं हे माझं काम आहे, ते मी करतेच. हे पत्र त्या दुखण्याच्या आधीच्या गोष्टीबद्दल आहे. कोणतं काम धोक्याचं आणि किती धोक्याचं, हे यार्डात कसं ठरवलं जातं, याबद्दल.

एका बाजार समितीने अशी पाहणी करून घेतली होती. टोळीच्या मुकादमाने तो अहवाल वाचून समजावून सांगा म्हणून माझ्याकडे आणला. पाहणी झाली होती पोळ्याच्या आसपास. आपण सगळे जाणता, त्या दिवसांत यार्डात काय असतं! सोयाबीन अजून शेतात उभं, कापसाला बोंडं धरलेली, आणि धक्क्यावर जुन्या तुरीचे, हरभऱ्याचे थोडेसे कट्टे, म्हणजे भरलेली पोती. पाहणी करणाऱ्यांनी एका हमालाला कट्टा उचलायला सांगितलं, त्याचा फोटो घेतला, फोटोतल्या पाठीचा आणि गुडघ्याचा कोन मोजून गुण दिले. दिवसभरात झालेल्या कट्ट्यांना आठ तासांनी भागलं. निष्कर्ष निघाला ‘मध्यम जोखीम’. शिफारस होती कंबरपट्टे वाटण्याची आणि वजन उचलण्याच्या योग्य पद्धतीचं प्रशिक्षण देण्याची.

त्या अहवालात खोटं काहीच नव्हतं. वापरलेली पद्धतही जगभर मान्य आहे. रेबा तिचं नाव, २००० साली ती प्रसिद्ध झाली. शरीराच्या ठेवणीला १ ते १५ गुण देते. ११ किंवा त्याहून जास्त गुण आले की काम तात्काळ बदला, असं सांगते. पण ती एका क्षणाच्या ठेवणीला गुण देते. तो क्षण कोणता निवडायचा, हे पाहणाऱ्याच्या हाती असतं. रिकाम्या यार्डात, सकाळच्या ताज्या माणसाचा, कमरेइतक्या थप्पीवरून घेतलेला पहिला कट्टा निवडला, तर गुण मध्यमच येणार.

आपल्यापैकी बहुतेक जण शेतकरी आहात. पीकविम्यात महसूल मंडळाची सरासरी काढली की एकट्याचं बुडालेलं शेत त्यात दिसत नाही, हा अनुभव आपल्या गावागावांत आहे. हमालाच्या कामाची सरासरी काढली की अगदी तेच होतं. सरासरीत त्याचा दिवस ठीकठाक दिसतो आणि कंबर ज्या तासाभरात जाते, तो तास कागदावर येतच नाही.

यार्डातला दिवस कसा जातो, ते आठवून पाहा. सकाळी टोळी येते आणि बसून राहते. गाड्या येतात, ढेर लागतात, हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, व्हायची वाट बघावी लागते. हर्रास आटोपली की एकदम सगळ्यांनाच घाई. शेतकऱ्याला गावी परतायचं असतं, अडत्याला माल मोजून हवा असतो, खरेदीदाराचा ट्रक उभा असतो. मग दुपारच्या दोन-तीन तासांत दिवसाचं जवळजवळ सगळं वजन उचललं जातं. तास-तास बसून आखडलेली पाठ घेऊन माणूस एकदम पूर्ण वेगाने कामाला लागतो. याला आठाने भागून तासाचे कट्टे काढणं म्हणजे बसलेल्या वेळेत कट्टे उचलले असं मानणं.

एकच कट्टा किती वेळा उचलला जातो, तेही मोजायला हवं. ढेरातून घमेल्याने भरला, ओढून काट्याशी नेला, काट्यावर चढवला, उतरवला, सुतळीने शिवला, थप्पीला लावला, थप्पीवरून पाठीवर घेतला, फळीवरून ट्रकमध्ये चढवला. हर्राशीच्या वहीत तो एक कट्टा. हमालाच्या कमरेला तो चार-पाच वेळा भेटतो, आणि दर वेळी वेगळ्या उंचीवर. ट्रकचा तळ भरताना वजन कमरेच्या आसपास असतं, वरचा थर लावताना तेच वजन डोक्याच्या वर जातं. गोदामातली थप्पी वाढत गेली की पोत्यांच्याच पायऱ्या करून त्यावरून पाठीवर ओझं घेऊन चढावं लागतं. फळी ओली असेल, धक्क्याचं काँक्रीट फुटलेलं असेल, तर पाय सावरताना पाठीला जो झटका बसतो, तो कोणत्याच तक्त्यात नसतो. माझ्याकडे ‘चमक निघाली’ म्हणून येणारे हमाल बहुतेक वेळा असाच एखादा क्षण सांगतात. पाय सरकला, जोडीदाराने एक बाजू आधी सोडली, कट्टा फाटला.

वजन उचलण्यासाठी जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं सूत्र अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचं आहे. १९९१ मध्ये ते सुधारलं गेलं. ते सुरुवात करतं २३ किलोपासून. सगळं काही मनासारखं असेल, वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, धरायला चांगली मूठ, वळावं लागत नाही, तर २३ किलो. मग परिस्थिती बिघडेल तसं ते वजन कमी करत नेतं. कट्टा जमिनीलगत असेल तर २३ ला ०.७७५ ने गुणा. कट्टा फुगीर असल्याने हात शरीरापासून ४० सेंटिमीटर लांब राहत असतील तर पुन्हा ०.६२५ ने गुणा. एवढ्या दोनच गोष्टींत आकडा ११ किलोंवर येतो. अजून वळणं, उंची आणि वेग धरलेलाच नाही. आपला कट्टा ५० किलोंचा, म्हणजे साडेचार पट. या पटीला ते सूत्र उचलीचा निर्देशांक म्हणतं; एकच्या वर धोका सुरू होतो आणि तीनच्या वर पुष्कळ कामगारांना इजा होण्याची शक्यता बरीच वाढते.

तरीही मी आपल्याला हे सूत्र जसंच्या तसं लावा असं म्हणणार नाही, कारण ते आपल्या यार्डासाठी केलेलंच नाही. एकट्या माणसाने दोन हातांनी केलेली उचल त्यात धरली आहे. आपल्याकडे दोघे धरून तिसऱ्याच्या पाठीवर देतात. ओझं वाहून नेणं, ओढणं, फळी चढणं त्यात नाही. आणि हवामान? त्या सूत्रात १९ ते २६ अंश सेल्सिअस तापमान गृहीत आहे. आपल्याकडे हरभऱ्याची आवक जोरात असते तेव्हा मार्च-एप्रिल असतो. पत्र्याच्या शेडखाली तेव्हा काय तापतं, हे अकोल्याच्या, चंद्रपूरच्या माणसाला सांगायला नको. उन्हात हृदयाला अंग थंड ठेवण्यासाठी कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, त्यामुळे स्नायू लवकर थकतात, आणि थकलेले स्नायू मणक्याला नीट सावरू शकत नाहीत. तेव्हा त्या सूत्राचा आकडा आपल्याकडे धोका कमीच दाखवील, जास्त नाही.

बदलत्या कामाचा हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढेही होता. वेगवेगळ्या वजनांच्या, वेगवेगळ्या उंचींवरच्या उचली एकत्र कशा मोजायच्या, यासाठी नायॉशच्याच सूत्रावर आधारलेली पद्धत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक साधन मांडलं. मला ते आपल्या कामाच्या सर्वांत जवळचं वाटतं. त्यामागचा विचार असा : मणक्यांमधल्या गाद्या आणि त्यांना लागून असलेला हाडाचा पातळ थर वारंवारच्या दाबाने थकतो, त्यात बारीक तडे पडतात. दाब दुप्पट झाला की हे नुकसान दुप्पट होऊन थांबत नाही, कैक पटींनी वाढतं. त्यामुळे दिवसभराच्या सगळ्या उचलींत मोजक्या अवघड उचलीच बहुतेक नुकसान करून जातात.

हे वाचल्यावर मला आमच्या भागातल्या एका हमालदादांचं बोलणं आठवलं. ते म्हणाले होते, “पयले पन्नास कट्टे काई वाटत नाई मॅडम. शेवटचे दहा जीव घेतेत.” संशोधकांनी गणिताने सांगितलं ते त्यांना अंगाने ठाऊक आहे. म्हणून पाहणी शेवटच्या दहांची व्हायला हवी.

यातून वजनाच्या प्रश्नावरही उजेड पडतो. पूर्वी क्विंटलचं पोतं होतं, आता कट्टा बहुधा ५० किलोंचा. नुकसान वजनापेक्षा वेगाने वाढत असल्यामुळे १०० किलोंची एक उचल आणि ५० किलोंच्या दोन उचली सारख्या नाहीत. दोन उचली पाठीला परवडतात. हा बदल चांगलाच झाला. पण हमाली नगावर मिळते. नग लवकर संपवले तर पुढची गाडी मिळते. म्हणून तरणी पोरं एका वेळी दोन-दोन कट्टे पाठीवर घेतात, आणि कागदावर ५० किलो असलेलं ओझं मणक्यावर १०० किलोच राहतं. दोष त्या पोरांना देऊन भागणार नाही. दर नगावर, गाड्या एकदम आणि थांबलेल्या वेळेचा पैसा शून्य, अशा हिशेबात घाई करणं हीच त्यांची कमाई आहे. धोक्याच्या पाहणीत हमालीचा दर आणि गाड्यांची वेळ येत नसेल, तर ती पाहणी अर्धीच आहे.

आता चाळणीवाल्या बायांविषयी, कारण त्या कोणत्याच अहवालात नसतात. त्या वजन फारसं उचलत नाहीत, म्हणून उचलीच्या सूत्रात त्यांचा धोका शून्य येतो. पण तासन्‌तास उकिडवं बसून किंवा कमरेत वाकून चाळणी हलवायची, सांडलेलं धान्य झाडून गोळा करायचं, मातेरं पाखडायचं. खांदा आणि मनगट दिवसभर एकाच हालचालीत. यातल्या बऱ्याच जणी त्याच हंगामात पहाटे किंवा सुटीच्या दिवशी कापूस वेचायला जातात, पोटाला ओटी बांधून, वाकून. यार्डातली पाळी संपली तरी त्यांच्या पाठीची पाळी संपत नाही. माझ्याकडे त्या येतात तेव्हा हात खांद्याच्या वर जात नाही अशी अवस्था झालेली असते, आणि ‘कशामुळे झालं’ विचारलं तर सांगतात, “काई नाई, वयामुळं.” वय विचारलं तर चाळिशीच्या आतबाहेर! त्यांच्या हातात बहुधा परवाना नसतो, वहीत नाव नसतं. मोजणी वहीवरून झाली तर त्या मोजल्याच जाणार नाहीत.

आणखी एक गोष्ट पाहणी करणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. यार्डात जाऊन विचारलं, “तुमच्यापैकी किती जणांची कंबर दुखते?” तर थोडेच हात वर होतात. ज्यांची कंबर खरंच गेली, ते यार्डात नसतात. ते घरी असतात, किंवा कुणाच्या शेतावर राखणदारी करतात, त्यांच्या जागी मुलगा किंवा पुतण्या टोळीत आलेला असतो. जे आहेत ते पाळी जाईल या भीतीने बोलत नाहीत. तेव्हा मागच्या पाच-सात वर्षांत टोळी सोडून गेलेल्यांची यादी मुकादमाकडून घ्या, त्यांच्या घरी जा आणि विचारा. एवढ्या एका कामाने जे कळेल ते दहा फोटोंनी कळणार नाही.

कंबरपट्टे आणि प्रशिक्षणाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण समित्यांचा पैसा सर्वांत आधी तिकडेच जातो. कंबरपट्टा बांधल्याने निरोगी कामगाराची पाठदुखी टळते, याला पुरावा नाही. अमेरिकेत दुकानांतला माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांवर झालेला मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात पाठीच्या दुखापतींचा फरक आढळला नाही. ‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा’ हे शिकवण्याचंही तसंच. उचलण्याची पद्धत शिकवून, काम आहे तसंच ठेवून, पाठदुखी कमी होते असं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसलेलं नाही. ५० किलोंचा फुगीर कट्टा दोन गुडघ्यांच्या मध्ये बसतच नाही, तर तो गुडघे वाकवून उचलणार कसा? पट्टे वाटण्याचा फोटो चांगला येतो हे मला माहीत आहे. पण त्या पैशात काटा जमिनीत बसवता येतो.

हा काट्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इलेक्ट्रॉनिक काटा जमिनीच्या पातळीत, खड्ड्यात बसवला, तर प्रत्येक कट्ट्याची चढवणं-उतरवणं अशी दोन कामं वाचतात. हंगामात हजारो कट्टे एका धक्क्यावरून जातात. प्रत्येकी दोन उचली वाचल्या तर हिशेब आपणच करा. धक्क्याची उंची ट्रकच्या तळाशी जुळवली तर फळी लागत नाही. फुटलेलं काँक्रीट बुजवलं तर दोन चाकांची ढकलगाडी चालते. आज अनेक यार्डांत ढकलगाड्या गोदामात धूळ खात पडल्या आहेत, कारण चाक खड्ड्यात अडकतं. चाळणी कमरेच्या उंचीच्या चौकटीवर टांगली तर बाईला वाकावं लागत नाही. गावातला कोणताही वेल्डर ती चौकट करून देईल. थप्पीची उंची बांधून द्या. सावलीत पिण्याचं पाणी ठेवा आणि गर्दीच्या तासांत पाळीपाळीने बसायची सोय करा. यातलं महागडं फार थोडं आहे.

हमालांना यंत्राची धास्ती असते, आणि ती खोटी नाही. यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरून माल जाऊ लागला की हमाली कमी करा, असं म्हणणारे पुढे येतातच. म्हणून कोणतीही सोय करण्याआधी दर कमी होणार नाही, हे लेखी ठरवा. नाहीतर ढकलगाडी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मोडून ठेवेल, आणि मी तरी त्याला नावं ठेवणार नाही.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कमाल वजनाबाबतचा करार १९६७ चा आहे, क्रमांक १२७. भारताने तो २०१० मध्ये स्वीकारला. त्याचं तिसरं कलम म्हणतं की ज्या वजनाने आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका पोहोचू शकतो, ते हाताने वाहून न्यायला कामगाराला लावू नये, लावू देऊही नये. चौथं कलम सांगतं की हे ठरवताना काम ज्या परिस्थितीत होणार, ती सगळी परिस्थिती विचारात घ्या. या सगळ्या परिस्थितीत ऊन आलं, फळी आली, घाई आली, पोळ्याऐवजी दिवाळीच्या आधीची गर्दी आली. त्याबरोबरच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली आहे, आणि स्त्रियांसाठी ती पुष्कळ कमी असावी असं म्हटलं आहे. दुसरी गोष्ट आपल्याच राज्याची : १९६९ चा माथाडी कायदा. पाठीवर ओझं वाहणाऱ्याची जबाबदारी कुणाची तरी आहे, हे या राज्याने तेव्हाच मान्य केलं. ती जबाबदारी हमालीच्या पावतीपुरती राहू नये.

आपल्या संचालक मंडळात हमाल-मापाऱ्यांच्या मतदारसंघाची एक जागा असते. या एका जागेवरच्या माणसाला पाहणीच्या कामात पुढे करा. पण त्याच्या एकट्यावर सोडू नका. टोळीतले दोघे, त्यातला एक नवखा, आणि चाळणीवाल्या बायांपैकी दोघी पाहणीच्या गटात घ्या, आणि त्या वेळेची त्यांची मजुरी भरून द्या. बाहेरून आलेल्या जाणकाराला कोन मोजता येतो. कोणत्या धक्क्यावरचा तिसरा थर सर्वांत वाईट, हे मात्र टोळीलाच माहीत असतं.

पाहणीची वेळ सोयाबीनच्या भर आवकेतली असावी, हर्रास आटोपल्यानंतरची. प्रत्येक काम वेगळं नोंदवा आणि त्या कामाचं नेहमीचं रूप सोडून सर्वांत अवघड रूप नोंदवा : प्रत्यक्ष काट्यावर मोजलेलं सर्वांत जड कट्ट्याचं वजन, ते उचलताना आणि ठेवताना हातांची उंची, किती पावलं, फळी की पायऱ्या, गर्दीच्या तासात किती वेळा. आणि काम सुरू होताना, मग शेवटच्या गाडीनंतर, त्याच माणसाला विचारा की आत्ताचा कट्टा ० ते १० मध्ये किती जड गेला. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञांची ही साधी मोजपट्टी जगभर वापरली जाते. १० म्हणजे याहून जड काही नाही. सकाळी ४ म्हणणारा माणूस संध्याकाळी त्याच वजनाला ९ म्हणत असेल, तर कोणत्या तासाला हात घालायचा ते लगेच कळतं. हीच नोंद तुरीच्या आणि हरभऱ्याच्या हंगामात पुन्हा घ्या. कामं बदलतात, धोकाही बदलतो.

या हंगामात सोयाबीन यायला लागण्याआधी आपल्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती. नोंदीचा तक्ता मी मराठीत तयार केला आहे, एका पानाचा. जी समिती मागेल तिला देईन, आणि माझ्या जिल्ह्यातल्या कोणत्याही यार्डात पहिल्या पाहणीला विनामूल्य येईन. बोलवाल तेव्हा हर्रास संपण्याची वेळ तेवढी कळवा.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट,
यवतमाळ जिल्हा